ओठाला दात असलेली गोगलगाय

(खारघरजवळच्या ओवे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फळ्यावर विषय वाचून पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिलं. हसण्यासारखंच आहे. स्मृती व्याख्यान म्हटलं की संतवाङ्मय, समाजसुधारणा, फार तर शेतीचं अर्थकारण. गोगलगायीवर तासभर बोलायला माणूस बोलावणं ही हिंमत संयोजकांची, माझी नव्हे. पण ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते पावसाळ्यात अख्खा वर्ग बांधावर नेऊन बसवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा विषय अगदीच परका नाही, एवढं धरून सुरुवात करतो.

शंख पाहून आतला प्राणी ओळखायचा, हे तुम्हाला शिकवण्याची माझी प्राज्ञा नाही. तिसऱ्यांच्या वाट्यात चिखलाने भरलेलं एखादं मेलेलं शिंपलं आलं, तर खाडीकाठची बाई ते दुसऱ्यावर आपटून आवाजावरून बाजूला काढते. खुबा कुठला, कालव कुठलं, कुठलं घ्यायचं आणि कुठलं टाकायचं, हे ज्ञान या गावांत पिढ्यान् पिढ्या आहे. मी बोलणार आहे ते जमिनीवरच्या शंखांबद्दल. ते कुणी शिजवत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघतही नाही.

गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण आपण गरीब चेहऱ्याच्या पण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. म्हण करणाऱ्याने गोगलगाय नीट पाहिली होती. तिचा पाय खरोखरच पोटाखाली असतो. एवढंच की त्याला त्या गरीब चेहऱ्यांपैकी काही जणी आपल्याच जातभाईंना खातात, हे बहुधा ठाऊक नसावं. पालापाचोळा, बुरशी, शेवाळ, कोवळी पानं खाणाऱ्या गोगलगायींच्या जगात काही कुळं पूर्णपणे मांसाहारी आहेत. त्यांपैकी आपल्या देशातलं मुख्य कूळ म्हणजे स्ट्रेप्टॅक्सिडी. आणि त्या कुळातली सगळ्यात सहज भेटणारी, कुंडीखाली राहणारी जात म्हणजे हटोनेला बायकलर. आज मुख्यतः तिची ओळख करून द्यायची आहे, शंखावरून.

शंखावरूनच का? कारण जिवंत गोगलगाय भेटणं नशिबाचा भाग असतो. ती भेटते पावसाळ्यात, तीही ओल्या पाचोळ्याखाली, दगडाच्या पोटाशी, कुंडीच्या बुडाला. पाऊस संपला की मातीत खोल जाते. रिकामा शंख मात्र मागे राहतो. घडणीने तो चुनखडीच, वरून प्रथिनाचा पातळ पापुद्रा. तो पापुद्रा उन्हापावसात निघून जातो, शंख पांढराफटक पडतो, आणि पुढे आपली आम्लधर्मी माती त्यातला चुना हळूहळू ओढून घेते. तोवर तो वाचता येतो. शिवाय त्यासाठी एकही जीव मारावा लागत नाही, ही सोय माझ्यासारख्या भित्र्या माणसाला फार महत्त्वाची वाटते.

शंख हातात घेतला की आधी तो धरायचा कसा, ते ठरवावं लागतं. शेंडा वर, तोंड आपल्याकडे. असं धरल्यावर तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. बहुतेक जमिनीवरच्या गोगलगायी उजव्या असतात. आपल्या कोकणात मात्र एरिओफँटा लीव्हिपेस नावाची एक चांगली मोठी, देखणी गोगलगाय आहे, ती डावी. मुंबईच्या बागांपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत ती भेटते, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस दोनदा शंख फिरवून बघतो. जाता जाता सांगतो, देव्हाऱ्यातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबात डावा ठरतो. भांडण काही नाही; पुजारी आणि प्राणिशास्त्रज्ञ शंख उलटसुलट धरतात, एवढंच.

मग वेढे मोजायचे. शेंड्याकडचा अगदी पहिला वेढा अंड्यातच तयार झालेला असतो. गोगलगाय अंड्यातून बाहेर येते तीच तो शंख पाठीवर घेऊन. त्यापुढे ती तोंडाच्या काठाला चुना लावत जाते, शंख वाढत जातो. दोन वेढे जिथे चिकटतात तिथे शिवण दिसते. खालच्या बाजूला मधल्या खांबाशी कधी उघडी बेंबी असते, कधी ती झाकलेली असते. उंची, रुंदी, वेढ्यांची संख्या, शिवणीची खोली, बेंबी आणि तोंड, एवढ्या गोष्टी लिहून घेतल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम एकट्या तोंडात आहे.

इथे एक गोष्ट अगोदर मनात पक्की करावी लागते. पुष्कळ गोगलगायींचा शंख आयुष्यभर थोडाथोडा वाढत राहतो आणि त्याचा ओठ कायम पातळच असतो. हटोनेला आणि तिच्या कुळातल्या बऱ्याच गोगलगायी मात्र एका टप्प्यावर वाढ थांबवतात. मग त्या तोंडाच्या कडेला जाड, बाहेर वळलेला पांढरा ओठ करतात आणि ओठाच्या आतल्या बाजूने चुन्याचे उंचवटे उभारतात. शास्त्रज्ञ त्यांना दात म्हणतात. हे दात आले की प्राणी प्रौढ झाला. दात येण्याआधीचा शंख कितीही सुंदर असला तरी तो नावाला उपयोगी नाही. कोवळी हटोनेला ओठाने पातळ असते, तोंड मोकळं असतं, आणि ती दुसऱ्याच कुळातली समजली जाण्याची पुरेपूर शक्यता असते. म्हणून मुलं काचेच्या बाटलीत भरून शंख आणतात तेव्हा मी आधी ओठ तुटलेले आणि ओठ न आलेले बाजूला करतो. मुलांचा विरस होतो. इलाज नाही.

आता एक शंख नीट पाहू. जवळच्याच एका रोपवाटिकेतल्या कुंडीखालून उचललेला आहे. उंची सहा-सात मिलिमीटर, रुंदी जेमतेम दोन. बासमतीच्या एका दाण्याएवढा. आकार नळकांड्यासारखा, शेंडा बोथट, वेढे सात-आठ, एकावर एक घट्ट बसलेले, वरून खालपर्यंत जाडी जवळजवळ सारखी. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत, काचेसारखा. फक्त शिवणीच्या लगत खाली बारीक चुण्या पडलेल्या दिसतात, साडीच्या निरीजवळ पडाव्या तशा. शंख आता तोंडावर उभा प्रकाश पडेल असा वळवा. ओठ पांढरा, थोडा बाहेर पसरलेला. वरच्या बाजूला, बाहेरच्या ओठाच्या कोपऱ्याजवळ एक ठळक पाती आत शिरताना दिसते. समोर बाहेरच्या ओठावर एक दात, तळाशी एक, आणि मधल्या खांबावर थोडा आत दडलेला एक. असे साधारण चार. चौथा दिसायला शंख किंचित तिरका करावा लागतो. सरळ बघून तीनच मोजणारे पुष्कळ.

जिवंत असताना हाच शंख वेगळा दिसतो. तो पारदर्शक असल्यामुळे आतल्या अंगाचा पिवळा-नारिंगी रंग बाहेर येतो, काही वेढ्यांत गडद, काहींत फिका, आणि शिंगांकडे तो लालसर होतो. ‘बायकलर’ म्हणजे दुरंगी हे नाव त्यावरून. प्राणी मेला की रंग गेला. म्हणून रंगावर विसंबून राहणाऱ्याला रिकामा शंख काहीच सांगत नाही.

आणि हे दात चावण्यासाठी नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात इथेच घोटाळा होतो. खाण्याचं काम जिभेवरची काटेरी पट्टी करते. तिला रेडुला म्हणतात आणि ती शंखात नसते, प्राण्याच्या तोंडात असते. पानं खरवडणाऱ्या गोगलगायीच्या रेडुलावर बुटके, चपटे दाते असतात आणि वरच्या बाजूला एक टणक जबडाही असतो. मांसाहारी स्ट्रेप्टॅक्सिडींना जबडा नसतो. त्यांच्या रेडुलावरचे दाते लांब आणि टोकदार असतात, पकडायला आणि ओढायला योग्य. शंखाच्या ओठावरचे उंचवटे बहुधा दार अरुंद करण्यासाठी असावेत, मुंग्या-भुंग्यांना आत शिरता येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मऊ अंग त्या खाचांमधून सहज आत-बाहेर होतं, टणक किडा अडकतो.

माझ्या आजच्या बोलण्यातला मुद्दा इथे येतो. ओठाला दात आहेत म्हणजे गोगलगाय मांसाहारी, असा हिशेब कधीही करू नये. गॅस्ट्रोकॉप्टा नावाच्या इवल्याशा गोगलगायी आहेत, दोन-अडीच मिलिमीटरच्या. भिंगाखाली त्यांच्या तोंडात दातांची गर्दी दिसते, आणि त्या बुरशी-शेवाळावर जगतात. म्हणजे आहार शंखावर लिहिलेला नसतो. शंख फक्त नाव सांगतो. नावावरून कूळ कळतं आणि कुळावरून आहार. ही साखळी मधेच तोडून शंखाकडे बघून थेट ‘ही शिकारी’ असं ठरवणारा माणूस फसतो, आणि एखाद्या सरकारी योजनेमागे असाच घाईचा हिशेब असला तर बेटंच्या बेटं फसतात. त्या गोष्टीकडे पुढे येऊच.

आधी हे नाव आलं कुठून ते सांगतो, कारण ती गोष्ट मजेशीर आहे. टॉमस हटन नावाचा कंपनी सरकारच्या सैन्यातला अधिकारी होता. १८३४ साली त्याने हिंदुस्थानातल्या जमिनीवरच्या शंखांवर एक लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. संपादक होते जेम्स प्रिन्सेप, ज्यांनी पुढे तीन वर्षांनी अशोकाची ब्राह्मी वाचून दाखवली. त्या लेखात हटनने प्युपा बायकलर म्हणून एका शंखाचं वर्णन केलं. तीच आपली आजची पाहुणी. पुढे १८५६ मध्ये फायफर या जर्मन शंखतज्ज्ञाने तिच्यासाठी वेगळा गट केला आणि त्याला हटनचं नाव दिलं.

गंमत अशी की त्याच लेखात हटनने आणखी एक शंख नोंदवला, बुलिमस ग्रॅसिलिस. आज त्याचं नाव अ‍ॅलोपियास ग्रॅसिली. हा आपल्या हटोनेलाच्या ताटातला नेहमीचा पदार्थ. म्हणजे शिकारी आणि शिकार दोघांचं बारसं एकाच माणसाने, एकाच लेखात केलं. आणि तिसरा प्युपॉइडिस सीनोपिक्टस, तोही त्याच लेखातला. तो हटोनेलाशी गफलत होण्यासारखा दिसतो, पण अगदी निरुपद्रवी. ओव्याच्या कुंडीखाली जो कुणी भिंग घेऊन बसेल, त्याला हटनच्या लेखातली मंडळी भेटण्याची बरीच शक्यता आहे.

तिघांत फरक करायला फार विद्वत्ता लागत नाही. अ‍ॅलोपियास टोकदार, दाभणासारखा निमुळता होत जातो. लांबी सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. तोंड थेंबाच्या आकाराचं, ओठ कायम पातळ आणि दाताचा पत्ता नाही. हटोनेला मात्र निमुळती होत नाही. प्युपॉइडिस बुटका, चारेक मिलिमीटर, तपकिरी, शंकूकडे झुकणारा. त्याचा ओठ जाड आणि वळलेला असतो, त्यामुळे पहिल्या नजरेत फसवतो, पण तोंडाच्या वरच्या कोपऱ्यात एखादा बारीक उंचवटा सोडला तर आत काही नाही. काचेसारखी चमक त्याला नाही. एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या तर या भागातल्या कुंडीखालच्या दहा शंखांपैकी नऊ तरी आपापल्या जागी बसतील. दहाव्यासाठी पुण्याला, तज्ज्ञांकडे जावं लागेल.

डोंगराकडे वळलं की गोष्ट बदलते. खारघरच्या डोंगरापासून कर्नाळ्यापर्यंत आणि पुढे सगळ्या सह्याद्रीत स्ट्रेप्टॅक्सिडीचे दुसऱ्या घडणीचे शंख शोधण्यासारखे आहेत. ते नळकांड्यासारखे नसतात. पहिले काही वेढे सरळ, शिस्तीत वाढतात, आणि मग शेवटचे वेढे मूळ आसापासून बाजूला सरकतात, इतके की शंख हातात धरल्यावर वाकडा बसवल्यासारखा वाटतो. हा वाकडेपणा दोष नाही, ओळख आहे. वरून पाहिलं तर शेंडा मधोमध नसतो, एका अंगाला असतो. असा साताठ-दहा मिलिमीटरचा पांढुरका शंख, जाड ओठाचा, दिसला तर तो जपून ठेवावा.

या शंखांच्या अभ्यासाचा पाया ज्या ग्रंथाने घातला, त्याचे दोन लेखक शंखांपेक्षा इतर गोष्टींसाठी जास्त प्रसिद्ध आहेत. विल्यम ब्लॅनफर्ड भूशास्त्रज्ञ होता. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाच्या थरांवर त्याने काम केलं. हेन्री गॉडविन-ऑस्टिन सर्वेक्षण खात्यातला. के-टू शिखराला बरीच वर्षं लोक त्याच्याच नावाने ओळखत. ब्लॅनफर्ड १९०५ मध्ये गेला, आणि उरलेलं काम गॉडविन-ऑस्टिनने पुरं करून १९०८ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला गोगलगायींचा पहिला खंड छापला. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराच्या परिसरात सर्वेक्षणासाठी फिरलेला माणूस म्हातारपणी गोगलगायींची आतडी तासन् तास सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला होता, याचा मला फार आदर वाटतो.

त्याला तसं बसावं लागलं याचं कारणही आहे. डोंगरातल्या या वाकड्या शंखांत शंखावर काम भागत नाही. पेरोटेशिया आणि हॅप्लोप्टायकियस हे दोन वंश घ्या. शंखाची ठेवण दोघांची सारखीच. हॅप्लोप्टायकियसच्या तोंडात साधारणपणे वरच्या भिंतीवर एकच पाती असते, बाकी ओठ मोकळा. पेरोटेशियाच्या तोंडात त्या पातीशिवाय बाहेरच्या ओठावर, तळाशी, खांबावर आणखी दात असतात. वंशापर्यंत अशी वाट सापडते. पण एका वंशातल्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर प्रजनन इंद्रियांची आतली रचना, त्यावरचे सूक्ष्म आकडे, आणि आता डीएनए, हे बघावंच लागतं. २०२१ च्या सुमारास अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतून हॅप्लोप्टायकियस सह्याद्रिएन्सिस ही नवी मांसाहारी जात जाहीर केली. १९०८ चा खंड हाती असूनही शंभराहून जास्त वर्षं उलटली तेव्हा सह्याद्रीच्या नावाची ही जात कागदावर आली. म्हणजे ज्या डोंगरात रोज सकाळी माणसं फिरायला जातात, त्यात अजून बारसं न झालेल्या गोगलगायी असतील, असं म्हणायला हरकत नाही. पश्चिम घाटातल्या जमिनीवरच्या गोगलगायींच्या नोंदलेल्या जाती अडीचशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

आता पुन्हा हटोनेलाकडे: ती खाते कशी? हटोनेला आपल्याहून फार मोठ्या नसलेल्या, निमुळत्या अ‍ॅलोपियाससारख्या गोगलगायी गाठते. भक्ष्य शंखात मागे सरकतं. ही तोंडातून डोकं आत घालून पाठलाग करते. तिचं अंग बारीक असण्याचा फायदा इथे दिसतो. मागे राहतो रिकामा, न फुटलेला शंख.

यावर एक सावधगिरीचा शब्द. न फुटलेला रिकामा शंख दिसला की लगेच हटोनेलाला गुन्हेगार ठरवू नये. काजव्यांच्या अळ्याही गोगलगायी खातात. त्या आत पाचक रस सोडून भक्ष्य पातळ करून शोषतात आणि शंख अखंड सोडतात. मे-जूनमध्ये डोंगराच्या बाजूला काजवे बघायला जाणाऱ्यांच्या मनात हे सहसा येत नाही की त्या उजेडाची किंमत गोगलगायींनी मोजलेली असते. उंदीर शंख कुरतडतो, त्याच्या कडा दातऱ्या होतात. भारद्वाज मोठे शंख फोडून खातो. पुष्कळ गोगलगायी आपल्या मरणानेही मरतात, हेही लक्षात ठेवलेलं बरं. जगात सगळंच शिकार नसतं.

तर आता बेटांकडे. लिसाकॅटिना फुलिका ही आफ्रिकेची मोठी गोगलगाय तुम्हाला सांगायला नको. मोठ्या तळहाताएवढी, तपकिरी पट्ट्यांची. ती पावसाळ्यात संरक्षक भिंतींवर रांगा लावते. आपले शेतकरी तिला शंखी गोगलगाय म्हणतात. ती इथली नाही. शंखांचाच एक हौशी अभ्यासक, विल्यम बेन्सन, याने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून ती कलकत्त्यात पोचवली, आणि तिथल्या बागेतून ती देशभर पसरत गेली. हटनच्या काळातला शंखप्रेमी! शंखांवर प्रेम असलं म्हणजे शहाणपण असतंच असं नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी उगवतं सोयाबीन रात्रीतून साफ केलं, ते तुम्ही वाचलं असेल. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली.

असं संकट आलं की कुणीतरी म्हणतंच, हिला खाणारी आणा. हवाई बेटांवर हेच झालं. १९५० च्या दशकात तिथे आफ्रिकन गोगलगायीवर उपाय म्हणून निरनिराळ्या मांसाहारी गोगलगायी सोडल्या. त्यांत आफ्रिकेतली गोनॅक्सिस होती, म्हणजे आपल्या हटोनेलाच्याच कुळातली. आणि १९५५ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातली युग्लँडिना रोझिया आणली. ती भक्ष्याच्या चिकट मागावर ओठ टेकत चालते आणि गोगलगायीच्या मानाने वेगाने पाठलाग करते. तिने मोठ्या आफ्रिकन गोगलगायींकडे फारसं लक्ष दिलं नाही. झाडावर राहणाऱ्या, हळू वाढणाऱ्या, रंगीत स्थानिक गोगलगायी तिला सोप्या पडल्या. पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावर ती १९७७ मध्ये सोडली, आणि दहा वर्षांत तिथल्या पार्टुला वंशाच्या सगळ्या सात जाती रानातून नाहीशा झाल्या. काहींचे प्रतिनिधी प्राणिसंग्रहालयांत वाचले, म्हणून अलीकडे त्यांना परत सोडता आलं. हवाईतली अ‍ॅकॅटिनेला अ‍ॅपेक्सफुल्वा इतकी भाग्यवान नव्हती. तिचा शेवटचा प्राणी, ज्याचं नाव लोकांनी जॉर्ज ठेवलं होतं, १ जानेवारी २०१९ ला मेला.

ही करुण कथा इथे सांगण्याचं कारण पुन्हा शंखच आहे. युग्लँडिना आणि आफ्रिकन गोगलगाय यांच्या शंखात एक सामाईक खूण आहे. दोघींचा मधला खांब तोंडाच्या खालच्या टोकाला सपाट तोडल्यासारखा संपतो. फक्त ही खूण धरणारा माणूस एकीला दुसरी समजेल, शिकाऱ्याला शिकार समजेल. फरक इतरत्र आहे. आफ्रिकन शंख फुगीर, त्यावर ज्वाळांसारखे तपकिरी पट्टे, तोंड रुंद. युग्लँडिना चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती, रंग एकसारखा गुलाबी-तपकिरी, पट्टे नाहीत, तोंड लांब आणि अरुंद. बंदरावर, विमानतळावर, रोपवाटिकांच्या मालात शंख तपासणाऱ्या माणसाला हे कळणं मोलाचं आहे. आपल्या अंगणात नवं विमानतळ आलं आहे. झाडं, माती, लाकूड, खोकी यांची ये-जा वाढणार. आणि उलटही: आपली इवलीशी हटोनेला कुंड्यांच्या मातीतून फ्लोरिडा, कॅरिबियन बेटं, पॅसिफिकपर्यंत केव्हाच पोचली आहे. आपण म्हणू तिकडून काय येतंय. तिकडचा तपासनीस म्हणतो, हिंदुस्थानातून काय आलंय.

शंखी गोगलगायीवर आपल्या भागातला उपाय कोणता, असं मला एका सोसायटीत विचारलं होतं. मीठ टाकू नका; माती खराब होते, आणि शेजारच्या लहान गोगलगायीही मरतात. संध्याकाळी ओलं पोतं अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा. उघड्या हाताने नको, कारण तिच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. पण वेचताना पोत्याखालच्या दाण्याएवढ्या, नारिंगी झाक असलेल्या गोगलगायी राहू द्या. त्यांनी तुमच्या झेंडूचं एक पानही खाल्लेलं नाही.

भिंगवाल्यांसाठी, विशेषतः मागे बसलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी, थोडं कामाचं सांगून थांबतो. मोबाइलवर पाठवलेली गोगलगायींची छायाचित्रं माझ्याकडे भरपूर येतात. बहुतेक वरून काढलेली असतात. वरून काढलेलं छायाचित्र नावासाठी जवळजवळ निरुपयोगी. शंख उभा करायचा असेल तर वाळूत किंवा पिठाच्या गोळीत टोचा, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे, शेजारी पट्टी ठेवा. दुसरं छायाचित्र बाजूने, तिसरं बेंबीकडून. शंख कोरडा करून काडेपेटीत कापसावर ठेवा आणि आत एक चिठ्ठी घाला, पेन्सिलीने लिहिलेली, शाई पसरते. चिठ्ठीवर गावाचं नाव नुसतं ‘ओवे’ लिहून भागणार नाही. कुणाच्या अंगणात, कुठल्या झाडाखाली, कुंडी विकत आणलेली की घरची, तारीख, आणि सापडला तेव्हा जिवंत होता की रिकामा, हे सगळं हवं. मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे. कुठल्याही नोंदवहीला चिठ्ठी नसलेला शंख कितीही देखणा असला तरी चालत नाही. खारघरच्या डोंगराच्या या बाजूच्या, पाण्याच्या वाटेवरच्या दगडांखालच्या शंखांची अशी एखादी पेटी शाळेत झाली, तर पुढच्या वर्षी मला बोलावू नका. त्या मुलांना या टेबलाशी उभं करा. पावसाळा संपायला अजून वेळ आहे.